तीन मागितल्या, नऊ आल्या

खूप दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होतो. आज रविवार, बाहेर पाऊस, पोरगं झोपलंय, म्हणून बसलोच. विषय तसा रुक्ष आहे, कुबरनेटिसमधले (बऱ्याच मशिनींवर प्रोग्रॅम वाटून चालवणारी प्रणाली) नोड पूल, म्हणजे त्या मशिनींचे गट, पण गेल्या दोन-तीन वर्षांत मी यात इतक्या वेळा आपटलोय की कुठेतरी लिहून ठेवणं भाग आहे.

सुरुवात बिलापासूनच करतो. आमची छोटी कंपनी, मी धरून इन्फ्रा बघणारे दीड माणूस (अर्धा म्हणजे जो खरं तर बॅकएंडवाला आहे पण मी सुट्टीवर असलो की त्याच्या गळ्यात पडतं). नवीन क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मशिनींचा संच, गूगल क्लाउडवर टाकायचं ठरलं, मुंबई रीजन, म्हणजे एशिया साऊथ वन. मी कमांडमध्ये व्यवस्थित लिहिलं, नम नोड्स (मशिनींची संख्या) तीन. तीन मशिनी, पुरेत आपल्याला. आठवडाभरानं बिलिंगचं पान उघडलं तर आकडा माझ्या हिशोबाच्या तिप्पट. मला वाटलं कोणीतरी टेस्टिंगला काहीतरी चालू ठेवलंय, दोन-तीन जणांना उगाच झापलं पण. मग क्युबसीटीएल गेट नोड्स ही मशिनींची यादी देणारी कमांड मारली तर नऊ ओळी.

झालं असं होतं की मी क्लस्टर रीजनल केलं होतं. मुंबई रीजनमध्ये तीन झोन (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले भाग) आहेत, ए, बी आणि सी, आणि रीजनल क्लस्टरमध्ये नोड पूल तिन्ही झोनमध्ये पसरतो, आणि तो नम नोड्सचा आकडा *प्रत्येक झोनमागे* असतो. तीन गुणिले तीन नऊ. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय हो, माझीच चूक, मी वाचलं नव्हतं. ऑटोस्केलिंगचे (गरजेप्रमाणे मशिनी आपोआप कमी-जास्त करण्याचे) मिन नोड्स आणि मॅक्स नोड्स पण तसेच, झोनमागे. मॅक्स पाच लिहिलं की पंधरापर्यंत जाऊ शकतं. एकूण आकडा द्यायचा तर टोटल मिन नोड्स आणि टोटल मॅक्स नोड्स असे वेगळे फ्लॅग आहेत, ते मला नंतर कळले, नेहमीप्रमाणे.

बरं, नोड पूल म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लस्टरमध्ये एक कंट्रोल प्लेन असतं जे ठरवतं कुठला कंटेनर (आपला प्रोग्रॅम बांधलेलं पुडकं) कुठे चालवायचा, आणि बाकी मशिनी असतात ज्या खरं काम करतात, त्या वर्कर, म्हणजे नोड. एकसारख्या मशिनींचा एक गट, तोच साइज, तीच डिस्क, तीच लेबलं, तो एक पूल. गूगल आणि मायक्रोसॉफ्टचं अझ्युर त्याला नोड पूल म्हणतात, ॲमेझॉनकडे तो नोड ग्रुप. जीकेईमध्ये, म्हणजे गूगलच्या कुबरनेटिस सेवेत, क्लस्टर बनवताना पहिला पूल आपोआप तयार होतो, त्याचं नावच डीफॉल्ट पूल.

माझे वडील आमच्या भागातल्या साखर कारखान्यात शेतकी ऑफिसात होते, आता रिटायर. त्यांना फोनवर एकदा म्हणालो की पूल बदलायचं काम चाललंय रात्रभर, तर म्हणाले कुठल्या नदीवरचा? मग समजावलं. ऐकून म्हणाले, अरे मग टोळ्याच की. बैलगाडीची टोळी वेगळी, ट्रॅक्टरची वेगळी, जवळच्या फडाला गाड्या पाठवायच्या, लांबच्याला ट्रॅक्टर, आणि तू मुकादम. इतकं सोपं मला कुठल्या कॉन्फरन्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं. (माणसांची तुलना मशिनींशी करायला मला फार बरं वाटत नाही, टोळीतली माणसं उचल घेऊन, पोराबाळांसकट येतात, मशीनला त्यातलं काही नसतं. पण कुठलं काम कोणाला द्यायचं हा जो हिशोब आहे ना, तो तोच आहे.) आणि बायकोचं माहेर हर्णैचं, तिला कुबरनेटिसचा अर्थ ग्रीकमध्ये सुकाणू धरणारा असा आहे म्हटल्यावर ती लगेच, म्हणजे तांडेल. झालं, घरात मी तेव्हापासून कधी मुकादम कधी तांडेल.

तर पहिलं वर्षभर आमचं सगळं त्या एका डीफॉल्ट पूलमध्ये. एपीआय तिथेच, रांगेतली कामं करणारे वर्कर तिथेच, महिनाअखेरीला हजारो पीडीएफ काढणारा रिपोर्टचा जॉब पण तिथेच. मशिनी ई-टू मीडियम, कारण तोच डीफॉल्ट होता आणि स्वस्त दिसत होता. आता गंमत बघा, ई-टू मीडियमवर लिहिलेलं असतं दोन सीपीयू, चार जीबी मेमरी. पण ते सगळं आपल्याला मिळत नाही. कुबलेट (प्रत्येक नोडवर बसलेला कुबरनेटिसचा देखरेख्या), कंटेनर रनटाइम, ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यासाठी जीकेई आधी वाटा काढून ठेवतं, पहिल्या 4 जीबीतले 25 टक्के, पुढच्या 4 मधले 20 टक्के, त्यापुढच्या 8 मधले 10, आणि वर 100 एमबी वेगळे. सीपीयूचं तर अजून, ई-टू मीडियमचे कोअर शेअर्ड असतात, पॉड्सना, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गठ्ठ्यांना, वाटायला उरतात 940 मिलीकोअर (हजाराचा एक कोअर), म्हणजे पूर्ण एक कोअर पण नाही! त्यात परत लॉग गोळा करणारे, मेट्रिक्स पाठवणारे डीमनसेट प्रत्येक नोडवर बसलेले. घर टू बीएचके म्हणून घ्यायचं आणि कार्पेट एरिया बघितल्यावर डोळे पांढरे व्हायचे, तसलं.

हा हिशोब एकदा कागदावर करून बघा. चार जीबीच्या चार मशिनी घेतल्या तर चार जीबीच्या वर नुसतं राखीव जातं. सोळा जीबीची एकच घेतली तर जातात 2.6 जीबी अधिक ते 100 एमबी. म्हणजे मोठी मशीन परवडते. पण एकच मोठी मशीन घेतली आणि ती पडली की सगळंच पडलं, तेव्हा मधलं काहीतरी बघावं लागतं. आम्ही शेवटी चार कोअर सोळा जीबीवर स्थिरावलो.

पण ते नंतर. आधी ती महिनाअखेर आली. रिपोर्टच्या पॉडला मेमरीची लिमिट लिहिलेली नव्हती (कोणी लिहिली नव्हती ते विचारू नका, गिट ब्लेम माझंच नाव सांगतं), त्यानं नोडची मेमरी खाल्ली, कुबलेटनं दबाव कमी करायला पॉड हाकलायला सुरुवात केली, आणि हाकलताना त्यानं आमचा पेमेंटचा पॉडही हाकलला कारण तोही आपल्या रिक्वेस्टच्या, म्हणजे आधी मागून ठेवलेल्या मेमरीच्या, वर वापरत होता. दुपारी अडीच वाजता पेमेंट बंद, का तर कोणाचीतरी पीडीएफ निघतेय म्हणून. त्या दिवशी मला पूल वेगळे का करायचे ते कळलं. नुसत्या वेगळ्या साइजच्या मशिनी हव्यात म्हणून नाही, एकाच्या भानगडीत दुसऱ्याला झळ लागू नये म्हणून.

मग मी उत्साहात रिपोर्टसाठी नवीन पूल केला, मोठ्या मेमरीचा. त्यावर टेंट लावला, नो शेड्यूल, म्हणजे बाकीच्यांनी इकडे फिरकायचं नाही. रिपोर्टच्या जॉबला टॉलरेशन दिलं. लावलं, चालवलं, आणि रिपोर्टचे पॉड आपले परत जुन्याच पूलवर जाऊन बसले. मी दोन तास यामल (सेटिंगची फाइल) वाचत होतो, स्पेसेस मोजत होतो, शेवटी लक्षात आलं की यामल बरोबरच आहे, माझी समजूत चुकलीय.

हे ज्याला कळत नाही त्याला मी आता लोकलच्या लेडीज डब्याचं सांगतो. टेंट म्हणजे डब्यावरची लेडीज ही पाटी, पुरुषांनी चढायचं नाही. टॉलरेशन म्हणजे बाई असणं, तुम्हाला त्या डब्यात चढायची परवानगी आहे. पण बाईनं लेडीज डब्यातच चढलं पाहिजे असं कुठे आहे, ती जनरलमध्येही जाऊ शकते! टॉलरेशन म्हणजे नुसती मुभा, ओढ नाही. पॉड त्याच पूलवर जायला हवा असेल तर नोड सिलेक्टर किंवा नोड अफिनिटी वेगळी लिहावी लागते, पूलच्या लेबलवर बोट ठेवून. दोन्ही लावा. एकच लावलं तर अर्धंच काम होतं, नुसता सिलेक्टर लावला तर तुमचा पॉड तिकडे जातो पण बाकीची गर्दीही तिकडे शिरते.

पुढचा पूल स्पॉट मशिनींचा. क्लाउडकडे पडून असलेली क्षमता ते खूप स्वस्तात देतात, अट एकच, त्यांना परत लागली की काढून घेणार. गूगल 30 सेकंद आधी सांगतं, अझ्युरही तेवढंच, ॲमेझॉन दोन मिनिटं. आणि त्या 30 सेकंदांतले सगळे काही तुमच्या पॉडच्या वाट्याला येत नाहीत. त्यामुळे स्पॉटवर काय ठेवायचं हा प्रश्न पैशाचा नाहीच, प्रश्न हा की तुमचं काम मधेच मान कापली तर परत पहिल्यापासून चालू होऊ शकतं का, आणि दोनदा झालं तर काही बिघडतं का. पीडीएफ दोनदा निघाली, काय फरक पडतो. एसएमएस दोनदा गेला तर कस्टमर फोन करतो. पैसे दोनदा कापले गेले तर विषय संपला. आम्ही आधी रांगेतल्या सगळ्या कामांची अशी वाटणी केली, त्यालाच तीन आठवडे गेले, पूल करायला दहा मिनिटं.

आणि स्पॉट मिळेलच याची खात्री नसते. एका महिनाअखेरीला स्पॉटच्या मशिनी मिळेचनात, आमच्या अफिनिटीत रिक्वायर्ड लिहिलेलं, त्यामुळे रिपोर्टचे पॉड आपले पेंडिंग, पेंडिंग, पेंडिंग. अकाउंट्सच्या मॅडम दर अर्ध्या तासानं, "अहो झालं का हो?" मग प्रिफर्ड केलं, स्पॉट मिळाली तर तिथे, नाहीतर साध्या पूलवर, चार पैसे जास्त गेले तरी चालतील पण मॅडमचा फोन नको.

ऑटोस्केलरबद्दल एक गैरसमज मी इतक्या लोकांकडून ऐकलाय, आणि स्वतःही बाळगून होतो, की सीपीयू वाढला की तो मशिनी वाढवतो. नाही हो. क्लस्टर ऑटोस्केलर सीपीयूचा वापर बघतच नाही. तो बघतो जागा नाही म्हणून पेंडिंग पडलेले पॉड, आणि त्यांनी *मागितलेलं* किती आहे ते, म्हणजे रिक्वेस्ट. तुम्ही रिक्वेस्ट शून्य लिहिली तर त्याच्या दृष्टीनं सगळे पॉड हवेवर जगतात, नोड धापा टाकत असला तरी नवीन मशीन येणार नाही. आणि उलटं, रिक्वेस्ट फुगवून लिहिली तर मशिनी रिकाम्या फिरतात आणि बिल तुमचं. माझं तर मत झालंय की पूलचं निम्मं मॅनेजमेंट हे रिक्वेस्ट नीट लिहिण्यात आहे, पण ते कोणालाच करायचं नसतं कारण त्यात ग्लॅमर नाही.

कमी करण्याचंही तसंच. नोडवरच्या रिक्वेस्ट निम्म्याच्या खाली गेल्या आणि तो साधारण दहा मिनिटं तसा राहिला की तो काढायचा विचार होतो, हे मूळचे डीफॉल्ट, जीकेईत प्रोफाइल बदलून अजून घाईचं करता येतं. पण त्या नोडवरचा एखादा पॉड हलवण्यासारखा नसेल, म्हणजे कुठल्या डिप्लॉयमेंटचा नसून नुसता सुटा कोणीतरी हातानं चालवलेला, किंवा डिसरप्शन बजेट (किमान किती पॉड चालू राहायलाच हवेत हा नियम) आडवं येतंय, तर आख्खी मशीन त्या एका पॉडसाठी चालू राहते. आमच्याकडे एक नोड दीड महिना असा जिवंत होता, वर काय तर कोणीतरी डीबगिंगला सोडलेला एक छोटासा बिझीबॉक्सचा पॉड. लग्नाचं जेवण उरकून आचारी निघून गेले तरी एका पाहुण्यासाठी मांडव उभाच.

आता ती पूल बदलायची रात्र. ई-टू मीडियमवरून मोठ्या मशिनींवर जायचं होतं. आम्ही जुनी, खात्रीची पद्धत धरली: नवीन पूल उभा करायचा, जुन्याचे नोड कॉर्डन करायचे म्हणजे नवीन पॉड तिथे जाणार नाहीत, मग एकेक नोड ड्रेन करायचा म्हणजे त्यावरचे पॉड हलवायचे, सगळे हलले की जुना पूल डिलीट. यात एक गोष्ट कळकळीनं सांगतो, *आधी सगळे जुने नोड कॉर्डन करा*, मग ड्रेन सुरू करा. एक कॉर्डन एक ड्रेन असं करत गेलात तर पहिल्या नोडवरचे पॉड दुसऱ्या जुन्या नोडवर जाऊन बसतात, मग तिथून तिसऱ्यावर, बिचारे भाड्याचं घर बदलत फिरल्यासारखे, प्रत्येक वेळी रीस्टार्ट.

तिसऱ्या नोडला ड्रेन अडकला. स्क्रीनवर दर पाच सेकंदाला तीच ओळ, बजेटचा भंग होतोय म्हणून हलवता येत नाही. बघतो तर एका सर्व्हिसची रेप्लिका (चालू प्रत) एकच, आणि डिसरप्शन बजेटमध्ये मिनिमम अव्हेलेबल पण एकच. म्हणजे एक कायम चालू पाहिजे, आणि आहेच एक, मग हलवणार कसा? आपोआप होणाऱ्या अपग्रेडमध्ये जीकेई अशा बजेटचा मान जास्तीत जास्त एक तास ठेवतं आणि मग पुढे जातं, पण हातानं केलेला ड्रेन बसतो तसाच. रेप्लिका दोन केल्या, सुटला.

खरा घोटाळा पुढे. तीनाच्या नऊ झाल्या होत्या ना, तो धसका मनात होता. दुधानं तोंड पोळलं म्हणून मी ताक फुंकून प्यायला गेलो आणि नवीन पूल फक्त ए झोनमध्ये ठेवला, मुद्दाम, शहाणपणानं. रात्री साडेबाराला आमच्या रॅबिटएमक्यूचा (कामांची रांग सांभाळणारा) पॉड जुन्या नोडवरून निघाला आणि पेंडिंग. डिस्क्राइब मारलं तर व्हॉल्यूम नोड अफिनिटी कॉन्फ्लिक्ट. त्याची डिस्क बी झोनमध्ये. साधी पर्सिस्टंट डिस्क एका झोनची असते, ती दुसऱ्या झोनच्या मशीनला लागत नाही, आणि माझ्या नवीन पूलमध्ये बी झोनची एकही मशीन नाही. रांगच बंद. मी जुन्या पूलमधला बी झोनचा एक नोड अनकॉर्डन केला, पॉड परत तिथे जाऊन बसला, रांग चालू झाली, आणि मी पाच मिनिटं नुसता खुर्चीत. दुसऱ्या दिवशी नवीन पूलला बी झोन जोडला, मग सी पण जोडला, आणि आकडा झोनमागे एक. तीन मागितल्या की तीन, यावेळी खरंच.

अपग्रेडबद्दल जास्त लिहीत नाही. आधी कंट्रोल प्लेन, मग नोड, हा क्रम, आणि मूळ कुबरनेटिसच्या नियमात 1.28 पासून नोड तीन मायनर व्हर्जनपर्यंत मागे राहू शकतात, आधी दोनच चालायचे. जीकेईचा डीफॉल्ट सर्ज अपग्रेड म्हणजे एक जादा मशीन आणायची आणि मग एक जुनी काढायची. मेंटेनन्स विंडो तेवढी नीट लावा, आणि गणपतीत, दिवाळीत फ्रीज करून ठेवा, मखर सजवताना कोणाला पेजर नकोय.

दुसऱ्या क्लाउडवरही हेच सगळं थोड्या फरकानं. अझ्युरमध्ये (त्यांचं सेंट्रल इंडिया रीजन आपल्या पुण्यातलंच) पूलचे सरळ दोन प्रकार, सिस्टीम आणि यूजर. सिस्टीमवर डीएनएस वगैरे घरची मंडळी, तो रिकामा करता येत नाही, यूजर पूल शून्यावर नेता येतो. मला ही विभागणी आवडते, नवशिक्याला पहिल्या दिवशीच कळतं. फक्त नाव लिनक्स पूलला बारा अक्षरांत बसवा, डॅश चालत नाही. ॲमेझॉनवर माझा एक मित्र डोकं धरून बसला होता, मशिनीत मेमरी आहे, सीपीयू आहे, तरी पॉड बसेना. टी-थ्री मीडियमवर त्यांच्या नेहमीच्या नेटवर्किंगमध्ये 17 च पॉड मावतात, कारण प्रत्येक पॉडला खरा आयपी लागतो आणि त्या मशीनला तीन नेटवर्क कार्डं, प्रत्येकी सहा आयपी, त्यातला एकेक कार्डाचा स्वतःचा, तीन पाचा पंधरा आणि वर दोन. जागा संपली नव्हती, पत्ते संपले होते.

आता लोक म्हणतात हे सगळं कशाला, कार्पेंटर वापरा, पेंडिंग पॉड बघून तो स्वतःच योग्य मशीन आणतो, किंवा गूगलचं ऑटोपायलट घ्या, नोड बघायचेच नाहीत. चांगलं आहे की. पण ऑटोपायलटवरही रिक्वेस्टचेच पैसे लागतात, म्हणजे तो फुगवलेला आकडा तिथेही तुमचा पिच्छा सोडत नाही.

आणि पूल किती असावेत? एका ओळखीच्या टीममध्ये मी अकरा पाहिलेत, प्रत्येक टीमचा स्वतंत्र, भाऊभाऊ वेगळे होऊन अंगणात भिंती घालतात तसे, आणि प्रत्येकात दोन मशिनी अर्ध्या रिकाम्या. आमच्याकडे तीन आहेत, एक नेहमीच्या कामाचा, एक स्पॉटचा, एक रिपोर्टचा जो महिन्यातले सत्तावीस-अठ्ठावीस दिवस शून्यावर असतो. चौथा मागायला येणाऱ्याला मी विचारतो की तुझं काम या तिघांपैकी कोणाला त्रास देतं किंवा कोणाचा त्रास होतो ते सांग. आत्तापर्यंत एकालाच सांगता आलं, त्याला जीपीयू हवा होता, तोही प्रोजेक्ट नंतर बंद पडला.

परवा नवीन जॉइन झालेली मुलगी टेराफॉर्मची (क्लाउडची सगळी मांडणी लिहून ठेवायची) फाइल वाचत होती, मूळची इंदूरची, मराठी घरातली. सगळी फाइल इंग्रजीत आणि नोडच्या आकड्याच्या वर एकच ओळ मराठीत: "हा आकडा झोनमागे आहे रे बाबा, गुणिले तीन". म्हणाली, दादा, हे कोणी लिहिलंय? मी म्हटलं, आधीच्या कोणीतरी.